मराठवाड्यातील गृहविज्ञान शिक्षण

मराठवाड्यातील गृहविज्ञान शिक्षण म्हणजे बालविकास, कौटुंबिक अभ्यास, अन्न व पोषण, वस्त्रशास्त्र, गृहव्यवस्थापन आणि विस्तार शिक्षण या विषयांचे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागात दिले जाणारे विद्यापीठीय शिक्षण होय. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय हे त्याचे विभागातील प्रमुख केंद्र आहे. याशिवाय अनेक कला महाविद्यालयांत बी.ए. पदवीसाठी गृहविज्ञान हा ऐच्छिक विषय शिकवला जातो. ‘मुलींना संसाराचे शिक्षण’ अशी या विद्याशाखेची रूढ ओळख असली, तरी प्रत्यक्षात ती जीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र यांवर उभी असलेली उपयोजित विद्याशाखा आहे.

पार्श्वभूमी

स्त्रियांना वेगळा अभ्यासक्रम असावा की नाही, हा महाराष्ट्रातील जुना वाद आहे. पुण्यातील हुजूरपागा या नावाने ओळखली जाणारी मुलींची शाळा १८८४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या अभ्यासक्रमावर लोकमान्य टिळकांच्या वृत्तपत्रांनी टीका केली. मुलींना गृहकर्तव्यांस अनुरूप शिक्षण द्यावे, असा त्या टीकेचा रोख होता. याउलट स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असा आग्रह गोपाळ गणेश आगरकर यांनी धरला.

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्याजवळील हिंगणे येथे महिला विद्यापीठ स्थापन केले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती व त्यातून त्यांना प्रेरणा मिळाली. मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या या विद्यापीठाने गृहव्यवस्था व आरोग्य या विषयांना उच्च शिक्षणात स्थान दिले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या देणगीनंतर ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी (एसएनडीटी) महिला विद्यापीठ म्हणून ओळखले जाऊ लागले.

देशपातळीवर दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय (१९३२) आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची गृहविज्ञान विद्याशाखा (१९५०) ही या क्षेत्रातील आरंभीची महत्त्वाची केंद्रे होत. बडोद्याची विद्याशाखा सुरू झाली तेव्हा तेथील कुलगुरू हंसा मेहता होत्या. पुढे १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात मुलामुलींच्या अभ्यासक्रमातील भेदाचा विचार करणाऱ्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. शालेय पातळीवर असा भेद करू नये, असे मत या समितीने मांडले.

परभणी येथील महाविद्यालय

मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. विद्यापीठाचे गृहविज्ञान महाविद्यालय १९७६ मध्ये सुरू झाले. शेतकरी कुटुंबाची प्रगती केवळ पिकांच्या उत्पादनावर मोजता येत नाही, घरातील आहार, बालसंगोपन, स्त्रियांचे श्रम आणि खर्चाचे नियोजन यांचाही विचार आवश्यक असतो, ही कृषी विद्यापीठांत गृहविज्ञानाचा समावेश करण्यामागील भूमिका आहे. २०१३ मध्ये विद्यापीठाच्या नावात वसंतराव नाईक यांचे नाव जोडण्यात आले.

येथील पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा आहे. प्रवेश बारावी विज्ञान शाखेनंतर राज्याच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेतून होतो. वर्गातील अध्यापनाबरोबर प्रयोगशाळा, पूर्वप्राथमिक प्रयोगशाळा-शाळा आणि ग्रामीण कार्यानुभव हे शिक्षणाचे भाग आहेत.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार कृषी विद्यापीठांतील या पदवीचे नाव ‘गृहविज्ञान’ऐवजी ‘सामुदायिक विज्ञान’ असे झाले. त्यानुसार महाविद्यालयाचेही नाव बदलले. विषयाचे क्षेत्र घराच्या चार भिंतींपुरते नाही आणि तो केवळ स्त्रियांचा नाही, हे स्पष्ट करणे हा या बदलाचा आशय होता.

प्रमुख शाखा

मानव विकास व कौटुंबिक अभ्यास

या शाखेत गर्भावस्थेपासून वृद्धत्वापर्यंतच्या शारीरिक, भाषिक, बौद्धिक व भावनिक विकासाचा अभ्यास केला जातो. बालनिरीक्षण ही तिची मूलभूत पद्धत आहे. विद्यार्थी प्रयोगशाळा-शाळेत मुलांचे खेळणे, बोलणे व परस्परांशी वागणे नोंदवतात आणि वयानुसार अपेक्षित टप्प्यांशी त्याची तुलना करतात. पालकशिक्षण, विशेष गरजा असलेली मुले, विवाह व कुटुंबविषयक कायदे, समुपदेशन आणि वृद्धांचे प्रश्न हेही अभ्यासाचे विषय आहेत.

महाराष्ट्रात या शाखेला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्याचा वारसा लाभला आहे. त्यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी स्थानिक साहित्याचा वापर करणारे बालशिक्षण उभे केले. अंगणात भरणाऱ्या शाळेची त्यांची कल्पना पुढील काळातील अंगणवाडीची पूर्वपीठिका मानली जाते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यात पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शालेयपूर्व शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण या सहा सेवांचा समावेश आहे. कुपोषण कमी करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू केले. त्याचे कार्यालय औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे होते.

वस्त्रशास्त्र व फॅशन व्यापार

या शाखेत तंतूंचे गुणधर्म, विणकाम, रंगाई, छपाई, कपड्यांचे बेतणे व शिवणे यांबरोबर बाजारपेठेचा अभ्यास होतो. फॅशन मर्चंडायझिंग म्हणजे योग्य कपडा योग्य हंगामात, योग्य प्रमाणात व योग्य किमतीला ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचे नियोजन. निर्यातदार कारखान्यातील मर्चंडायझर ग्राहकाची मागणी समजून घेतो, नमुना मंजूर करून घेतो, कापड, धागा, गुंड्या व मजुरी यांचा खर्च काढतो आणि माल ठरलेल्या तारखेला रवाना होईल याची काळजी घेतो. किरकोळ विक्रीच्या दुकानात हेच काम खरेदीचा अंदाज, साठा आणि सवलतींचे वेळापत्रक यांच्याशी निगडित असते. या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था, राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था (निफ्ट), १९८६ मध्ये स्थापन झाली.

मराठवाडा कापूस पिकवणारा प्रदेश आहे. पैठणची पैठणी आणि शेजारच्या सोलापूरची चादर ही भौगोलिक मानांकन लाभलेली उत्पादने आहेत. या वस्त्रांचे अस्सलपण जपत त्यांना नवी बाजारपेठ मिळवून देणे हा अशा शिक्षणाचा स्थानिक उपयोग ठरतो.

धाराशिव जिल्हा आणि जळकोट परिसर

जळकोट हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील नळदुर्गजवळचे गाव आहे. लातूर जिल्ह्यातील जळकोट या तालुक्याच्या ठिकाणाहून ते वेगळे आहे. धाराशिव जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो आणि विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिव येथे आहे. सोलापूर हे जळकोटला जवळचे मोठे शहर असले, तरी तेथील विद्यापीठ वेगळे आहे. कृषी विद्यापीठातील चार वर्षांच्या पदवीसाठी परभणीला राहून शिकावे लागते. त्यामुळे विषयाची आवड असूनही मुलीला बाहेरगावी पाठवण्याचा कुटुंबाचा निर्णय आणि वसतिगृहाची सोय या बाबी निर्णायक ठरतात. तुळजापूर येथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. तेथील शिक्षण गृहविज्ञानाचे नसले, तरी ग्रामीण समाज व कुटुंब यांच्याशी संबंधित आहे.

केंद्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याचा समावेश झाला. आरोग्य व पोषण हे त्या कार्यक्रमाचे एक मुख्य क्षेत्र आहे. वारंवार पडणारा दुष्काळ आणि ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर यांमुळे येथील लहान मुलांच्या आहारात व अंगणवाडीतील शिक्षणात खंड पडतो. बालविकास आणि कौटुंबिक अभ्यास हे विषय अशाच प्रश्नांशी निगडित आहेत.

रोजगार

पदवीधरांना अंगणवाडी पर्यवेक्षण, महिला व बालविकास प्रकल्प, पूर्वप्राथमिक शाळा, समुपदेशन, रुग्णालयातील आहार विभाग, स्वयंसेवी संस्था, वस्त्रोद्योग, किरकोळ विक्री आणि अध्यापन या क्षेत्रांत संधी असतात. शासकीय पदांसाठी पात्रता पदानुसार वेगळी असते.

मूल्यमापन

गृहविज्ञानामुळे स्त्रियांच्या पारंपरिक भूमिका दृढ होतात, अशी टीका केली जाते. समर्थकांच्या मते या शिक्षणामुळे अनेक कुटुंबांतील पहिल्या पिढीच्या मुलींना विज्ञान व विद्यापीठ यांचे दार उघडले आणि बालसंगोपन, स्वयंपाक व घरखर्च यांसारख्या बिनमोल समजल्या गेलेल्या कामांना अभ्यासविषयाचा दर्जा मिळाला. नावातील बदलाने पुरुष विद्यार्थ्यांचा सहभाग किती वाढतो, यावर आगरकरांच्या काळापासूनच्या या वादाचे पुढील स्वरूप अवलंबून आहे.