जुने दप्तर आणि पडताळणीचा न्याय

वऱ्हाड प्रांत 1853 च्या तहान्वये निजामाकडून कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला आणि पुढे तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीनमोजणी व जमाबंदी झाली.

त्या पद्धतीचा पूर्वेतिहास बोधप्रद आहे. ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांची दख्खनमधील जमाबंदी निव्वळ उत्पन्नाच्या क्लिष्ट गणितावर उभी होती, तिच्या मोजणीत व जमिनीच्या प्रतबंदीत दोष शिरले होते आणि त्यामुळे ती अयशस्वी ठरली. 1835 च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी मातीचा रंग, खोली व दोष पाहून जमिनीच्या प्रती ठरविण्याची जी रीत घातली, तिच्यामुळे कनिष्ठ कारकुनाचे काम वरिष्ठ अंमलदारास प्रत्यक्ष शेतात उभे राहून पडताळता येऊ लागले.

आज संगणक-क्षेत्रातील नोकरीच्या मुलाखतीत उमेदवारापुढे प्रिंगल यांच्या जमाबंदीसारखेच, पडताळण्यास कठीण असे जुने दप्तर ठेवले जाते: हिशेब, डेटाबेस आणि आजची तारीख एकाच फंक्शनमध्ये गुंतलेला, चाचण्यांविना चालत आलेला कोड. मार्टिन फाउलर यांच्या 1999 च्या आणि मायकेल फेदर्स यांच्या 2004 च्या कोडसुधारणेवरील ग्रंथांनी रूढ केलेली शिस्त अशी, की प्रथम कोडचे विद्यमान वर्तन चाचण्यांनी नोंदवावे, तारीख व डेटाबेस बाहेरून पुरविता येतील अशी फट पाडावी आणि मगच लहान पावलांनी रचना सुधारावी. सर्व पुसून नव्याने लिहिण्याच्या उत्साहापेक्षा हा संयम श्रेष्ठ होय. परीक्षकानेही गुण द्यावेत ते त्यालाच.