जास्तीचा पैसा कोठे जातो?



महागाची वस्तू चांगलीच असणार, ही समजूत आपल्या बाजारात फार जुनी आहे. महाग एकदा रडवते, स्वस्त रोज रडवते, असे आपण एकमेकांना बजावतो. आणि रेडिओ असो, दूरचित्रवाणीचा संच असो की आजचा मोबाईल फोन असो, ऐपतीपेक्षा चार पैसे अधिक मोजून घरी येतो. याच्या उलट, आतला माल सगळीकडे सारखाच, नावाचे पैसे मोजावयाचे कशाला, असे म्हणणारा दुसरा पक्षही तितकाच जुना आहे. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात. पुरावा मात्र कोणीच पुढे करीत नाही. हा पुरावा गोळा करण्याचे काम कोणी आणि कसे सुरू केले, व त्यातून काय निष्पन्न झाले, हे मला आज सांगावयाचे आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने या विषयाला हात का घालावा, अशी शंका आपल्या मनात येईल. तिचे उत्तर त्या इतिहासातच आहे. कारण या कामाला खरे बळ आले ते एका संपातून.

१९२७ साली अमेरिकेत स्टुअर्ट चेस आणि फ्रेडरिक श्लिंक यांनी 'युअर मनीज वर्थ' नावाचे पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा साधा होता. सरकार स्वतःसाठी माल घेते तेव्हा तो प्रयोगशाळेत तपासून घेते आणि पैसा वाचवते. सामान्य गिऱ्हाइकाला मात्र जाहिरातीवाचून दुसरा आधार नाही. या पुस्तकाला प्रतिसाद इतका मिळाला की, १९२९ साली 'कंझ्युमर्स रिसर्च' ही संस्था उभी राहिली. कोणाची जाहिरात घ्यावयाची नाही, माल तपासावयाचा आणि निष्कर्ष वर्गणीदारांना कळवावयाचा, असा तिचा शिरस्ता होता.

परंतु गिऱ्हाइकाला न्याय मिळवून देणाऱ्या या संस्थेला आपल्याच नोकरांची संघटना मानवली नाही. १९३५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत संघटनेचा हक्क मान्य करणारा वॅग्नर कायदा झाला. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यू जर्सी राज्यातल्या वॉशिंग्टन या गावी असलेल्या या संस्थेने युनियन बांधणाऱ्या तिघा नोकरांना काढून टाकले. संप झाला. चालक हटले नाहीत. तेव्हा संपवाल्यांनी व त्यांच्या पाठीराख्यांनी १९३६ च्या आरंभी आपली निराळी संस्था काढली. तिचे नाव 'कंझ्युमर्स युनियन'. आर्थर कॅलेट हे तिचे संचालक, आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक कोल्स्टन वॉर्न हे अध्यक्ष. वॉर्न यांनी ते पद १९७९ पर्यंत सांभाळले. मे १९३६ मध्ये तिच्या मासिकाचा पहिला अंक निघाला. पुढे 'कंझ्युमर रिपोर्ट्स' या नावाने जगभर प्रसिद्ध झाले ते हेच मासिक.

या संस्थेने दोन प्रश्न एकत्र विचारले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पहिला प्रश्न असा की, वस्तू दिलेल्या पैशाला उतरते काय? दुसरा असा की, ती बनविणाऱ्याला मजुरी काय मिळते आणि त्याला कोणत्या स्थितीत राबावे लागते? आरंभीच्या अंकांत मालाच्या गुणांबरोबर कारखान्यातील कामगारांची हकीकतही छापली जात असे. साहजिकच अनेक वृत्तपत्रांनी या संस्थेच्या जाहिराती नाकारल्या. १९३८ साली अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे तिच्यावर कम्युनिस्टांची हस्तक असल्याचा आरोप झाला. आरोप करणारे जे. बी. मॅथ्यूज हे गृहस्थ संपाच्या वेळी जुन्या संस्थेच्या चालकांत होते! हा डाग पुसला जावयास १९५४ साल उजाडावे लागले.

त्याच १९५४ च्या ऑक्टोबरात एक नवी वस्तू बाजारात येत असल्याचे जाहीर झाले: खिशात मावणारा 'रीजन्सी टी. आर. १' हा ट्रान्झिस्टर रेडिओ. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. किंमत पन्नासच्या आत बसावी म्हणून आत ट्रान्झिस्टर घातले चारच. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. पुढच्याच वर्षी रेथिऑन कंपनीने आठ ट्रान्झिस्टरांचा, आकाराने मोठा संच काढला. त्याची किंमत ७९ डॉलर ९५ सेंट, म्हणजे बरोबर तीस डॉलर अधिक. 'कंझ्युमर रिपोर्ट्स'ने १९५५ साली दोन्ही संच तपासले. खिशातल्या रेडिओबद्दल त्याने वाचकांना सल्ला दिला की, घाई करू नका, सुधारणा होईपर्यंत थांबा. महागड्या संचाची मात्र त्याने तारीफ केली. याचे कारण किंमत नव्हे. ते जास्तीचे तीस डॉलर वस्तूत उतरले होते: चार ट्रान्झिस्टर अधिक, कर्णा मोठा, आवाज सुस्पष्ट आणि बॅटरीचा खर्च कमी. म्हणजे या खेपेस महाग घेणारा शहाणा ठरला.

पण येथे थांबलो तर अर्धेच सत्य हाती येईल. ट्रान्झिस्टर अधिक तर रेडिओ चांगला, हे एकदा लोकांच्या मनात ठसल्यावर व्यापाऱ्यांनी त्याचा फायदा घेतला. पेटीवर ठळक आकडे झळकू लागले. आठ झाले, दहा झाले, बारा झाले, त्याहूनही पुढे गेले. पेटी उघडून पाहावी तो काही ट्रान्झिस्टर नुसते बसविलेले. आवाज पकडण्याच्या किंवा वाढविण्याच्या कामी त्यांचा काडीचा उपयोग नाही. प्रकार इतका बोकाळला की, १९६८ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाला खास नियम करावा लागला. रेडिओच्या कामात ज्यांचा खरोखर वाटा नाही, असे ट्रान्झिस्टर मोजून जाहिरात करू नये, असा त्याचा आशय. १९५५ साली जी खूण उत्तम मालाची होती, तीच खूण पुढील दहा-बारा वर्षांत फसवणुकीचे साधन बनली. खूण कळली की तिची नक्कल करणे सोपे असते. म्हणून एकदा तपासून भागत नाही. तपासणी पुनःपुन्हा करावी लागते. किंमत ही गुणाची साक्षीदार नव्हे. फार तर ती विक्रेत्याची वकील होय.

आता तो दुसरा प्रश्न. वस्तू उत्तम आहे असे मानले, तरी तिच्या उत्तमपणाचा वाटा ती बनविणाऱ्यापर्यंत पोचतो काय? 'आयफोन ४' हा २०१० साली निघालेला फोन महागड्या मालाचा नमुना म्हणून घेण्यास हरकत नाही. क्रेमर, लिंडेन आणि डेड्रिक या तिघा अभ्यासकांनी २०११ साली त्याच्या किमतीची फोड केली. विक्रीमूल्यातील शेकडा ५८.५ हिस्सा अॅपल कंपनीच्या नफ्याचा निघाला; चीनमधील मजुरीचा वाटा शेकडा १.८. संशोधन, आखणी व इतर खर्च या नफ्यातूनच भागवावे लागतात आणि तेही माणसांचेच श्रम आहेत, हे मला मान्य आहे. तरीही शंभर रुपयांत पावणेदोन रुपयांच्या आसपास! ती मजुरी दुप्पट केली असती, तरी गिऱ्हाइकाला फरक जाणवला नसता.

हे दूरच्या चीनचे झाले, असे कोणी म्हणू नये. त्याच कंपनीचे फोन पुढे आपल्या देशात जोडले जाऊ लागले. १२ डिसेंबर २०२० रोजी कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील नरसापूर येथे विस्ट्रॉन कंपनीच्या कारखान्यात कामगारांच्या संतापाचा उद्रेक झाला आणि मोडतोड झाली. तक्रार होती पगाराची: ठरल्यापेक्षा कमी, आणि तोही वेळेवर नाही. मोडतोडीचे समर्थन मी करणार नाही. आमच्या चळवळीचा तो मार्ग नव्हे. परंतु काही कामगारांना योग्य व वेळेवर पगार मिळाला नव्हता, हे कंपनीने स्वतः कबूल करून माफी मागितली. बाजारातला अत्यंत महाग फोन, आणि तो जोडणाऱ्याचा पगार थकलेला!

आपल्याकडेही मालाच्या परीक्षणाची परंपरा आहे. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी 'कंझ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन केली आणि माल तपासून लोकांना निष्कर्ष सांगण्यास प्रारंभ केला. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क या कायद्याने गिऱ्हाइकाला दिला आहे. ज्या हातांनी तो माल घडविला, त्यांना काय मिळाले हे जाणण्याचा हक्क मात्र त्या यादीत नाही. अमेरिकेतही पुढे मासिकातली कामगारांची हकीकत मागे पडली आणि केवळ मालाचे गुणदोष उरले. जे दोन प्रश्न एका संपाने एकत्र आणले होते, त्यांची अशी फारकत झाली.

तेव्हा महागाची उपकरणे घ्यावीत की न घ्यावीत? माझे उत्तर असे की, किमतीकडे पाहून हा निर्णय करू नये. साधा संच आणि महाग संच यांतील फरकाची रक्कम मनाशी धरावी आणि विचारावे, हा जास्तीचा पैसा कोठे जातो? तो टिकाऊपणात, दुरुस्तीच्या सोयीत, आवाजात किंवा चित्रात उतरत असेल, तर महाग वस्तू घेणे ही उधळपट्टी नव्हे; गरिबालाही ती परवडते. तो केवळ नावात आणि पेटीवरच्या आकड्यांत जात असेल, तर तो पैसा आपल्या घामाचा आहे हे विसरू नये. या प्रश्नाचे उत्तर एकट्यादुकट्याला सापडत नाही, त्याला संघटना लागते. म्हणून ग्राहक संघटनांनी मालाच्या परीक्षणात मजुरीचा रकाना पुन्हा घालावा, आणि आमच्या कामगार संघटनांनी तो भरण्यासाठी माहिती पुरवावी. कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेला कामगार दुकानाच्या दारात गिऱ्हाईक म्हणूनच उभा राहतो. माणूस एकच आहे. त्याच्या दोन संघटनांनी एकमेकींना ओळखू नये, हे बरे नव्हे.