ठिपक्यांची अक्षरे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रांगोळी काढणारी बाई आधी ठिपके मोजते. पाच आडवे, सात उभे, असे पस्तीस ठिपके दिले तर त्यांत काय मावेल? इंग्रजीची सव्वीसही मोठी अक्षरे मावतात. १९७० साली अमेरिकेतल्या सेंट्रॉनिक्स कंपनीने आणलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे हेच गणित होते. त्याच्या डोक्यात एकाखाली एक सात सुया. सुई शाईच्या फितीवर आपटली की कागदावर ठिपका उमटायचा आणि डोके पुढे सरकत सरकत ठिपक्यांतून अक्षर उभे राहायचे.

खाली शेपटी असणाऱ्या इंग्रजीतल्या लहान अक्षरांना मात्र सात ठिपके अपुरे पडत. १९८० साली आलेल्या एप्सनच्या एमएक्स-८० मध्ये नऊ सुया होत्या. इंग्रजीची सोय झाली.

आपल्या देवनागरीचे बिऱ्हाड मात्र तीन मजली. वर वेलांटी, मात्रा, रफार, मध्ये अक्षर, खाली उकार. नुसते 'कर्तृत्व' लिहून पाहा. 'त'च्या डोक्यावर रफार आणि पायाशी ऋकार! नऊ सुयांच्या एका फेरीत हे सुबक बसणे कठीण. म्हणून अक्षर चित्रासारखे छापायचे आणि एका ओळीसाठी डोके एकाहून अधिक वेळा फिरवायचे, अशी युक्ती निघाली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते 'जिस्ट' या नावाने पुढे नेले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही प्रमाण संकेतावली ठरली.

१९९४ सालची गोष्ट. एका कचेरीतून वडिलांना दाखला मिळाला. त्यावर आमचे आडनाव 'शिंदे'चे 'शिदे' झाले होते. प्रिंटरची एक सुई मोडली होती. बाकीच्या अक्षरांचा एखादा ठिपका गेला तरी ती ओळखू येत होती. अनुस्वार मुळात एवढासाच, तो अख्खा गेला. वडिलांनी खिशातले पेन काढून टिंब दिले. कारकून म्हणाले, "काका, खाडाखोड चालत नाही." नव्या दाखल्यासाठी दोन खेपा झाल्या. "ठिपक्यांच्याच यंत्राला माझा एक ठिपका जड झाला," वडील म्हणाले.

कार्बनच्या प्रती हव्या असतात तिथे हे प्रिंटर आजही लागतात, कारण सुईचा ठोसा खालच्या कागदापर्यंत पोचतो. एरवी ठिपक्यांची अक्षरे आता जुन्या काळाची गंमत म्हणून जाहिरातींत, पोस्टरवर मुद्दाम काढतात. काढावीत; मलाही ती आवडतात. फक्त मराठी अक्षर काढताना इंग्रजीचे पस्तीस ठिपके उसने घेऊ नयेत. आपल्या रांगोळीचे ठिपके आपण मोजावेत.

तो पहिला दाखला मी जपून ठेवला आहे. छपाई फिकी पडली. वडिलांनी पेनाने दिलेले टिंब अजून ठळक आहे.