रुई गेली, कापड आले

अकोल्याहून वाशिमच्या वाटेने दक्षिणेस निघाले म्हणजे दहाएक कोसांवर पातूर लागते, आणि तेथे पोहोचता पोहोचता प्रवासी वऱ्हाडच्या एका शिवेवर येऊन ठेपतो; कारण ज्या काळ्याभोर सपाट प्रदेशास जुन्या अंमलात पयानघाट म्हणत, तो येथे सरतो आणि बालाघाटाचा चढ सुरू होतो. टेकडीच्या कुशीत खोदलेली प्राचीन लेणी, ज्यांच्या नावामुळे हा कसबा जुन्या कागदपत्रांतून पातूर शेखबाबू म्हणून ओळखला गेला त्या शेख बाबूंचा दर्गा, आणि घाट उतरून येणाऱ्या बैलगाड्यांची वाट, ही या गावाची वडिलोपार्जित मत्ता होय. इंग्रजी अमदानीत पातूर बाळापूर तालुक्यात मोडत असे, आणि बाळापूर ही पागोट्यांची व सतरंज्यांची नामांकित पेठ होती.

परदेशी गेलेले कारखान्यांचे काम मायदेशी परत आणावे की नाही, या प्रश्नाचा खल आज वॉशिंग्टनपासून मुंबईपर्यंत चालला आहे, आणि त्या वादात मोबाईल फोन, संगणक आणि सेमीकंडक्टर हेच शब्द सर्वत्र ऐकू येतात. घाटाच्या पायथ्याच्या या गावास त्या वादाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु हाच वाद वऱ्हाडने कापसाच्या रूपाने शंभराहून अधिक वर्षे भोगला आहे, आणि हातातून काम जाताना ज्या मुलखाने प्रत्यक्ष पाहिले, त्या मुलखास ते परत येण्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार आहे असे मी मानतो.

ते काम होते तरी कसे? कापूस घरात आला म्हणजे प्रथम रेचा बाहेर निघे. दोन उभ्या खुंट्यांमध्ये बसविलेल्या दोन आडव्या लाटा, एका हाताने दांडा फिरवावा, दुसऱ्या हाताने कापूस त्या लाटांच्या फटीत द्यावा. पलीकडून रुई निघे आणि सरकी अलीकडे टपटप गळून पडे. तीन शेर कापसामागे साधारण शेरभर रुई हाती येई. ती पिंजाऱ्याच्या धनुकलीखाली पिंजली जाई, तिचे पेळू वळले जात, बायकांच्या चरख्यावर त्यांचे सूत होई, आणि ते सूत कोष्टी, साळी, मोमीन अथवा महार विणकराच्या मागावर चढे. जाडेभरडे कापड विणणाऱ्यांत महार समाजाचा वाटा मोठा होता, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनात पुरेशी ठसठशीतपणे आलेली नाही. शेतापासून अंगरख्यापर्यंतची ही सारी साखळी दहा-वीस कोसांच्या टापूत पुरी होत असे, आणि तिच्या प्रत्येक कडीशी एकेका कुटुंबाची भाकरी बांधलेली होती.

१८५३ मध्ये निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये भुसावळहून अकोल्यावरून जाणारा लोहमार्ग नागपुरास भिडला. १८७० मध्ये खामगावची शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुली झाली. या मुलखासाठी सरकारने कापसाचा एक स्वतंत्र कमिशनर नेमला होता, त्याचे नाव हॅरी रिव्हेट-कार्नॅक. याने १८६९ च्या सुमारास जो अहवाल लिहिला, त्यात अशी आशा प्रकट केली आहे की, रेल्वेची शाखा आत आली म्हणजे विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त विकता येईल, त्यामुळे घरोघर सुतासाठी खर्ची पडणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीस उपलब्ध होतील. देशी विणकाम काळाच्या ओघात आपोआप बुडाले असे आपण सहज म्हणून जातो. येथे तर ते बुडावे ही इच्छा सरकारी कागदावर स्वच्छ अक्षरांत नोंदलेली आहे.

त्या इच्छेप्रमाणेच बहुतेक घडले. रेच्यांच्या जागी वाफेचे जिन आले, त्याशेजारी रुईची गाठ दाबणारे प्रेस आले, आणि ३९२ पौंडांच्या गाठी मुंबईच्या गोदीकडे धावू लागल्या. लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला अमरावतीच्या नावाचा अपभ्रंश होऊन पडलेले ‘ऊमरा’ हे नाव होते. गाव कोणी पाहिले नाही, पण त्याचे मोडके नाव रोजच्या भावपत्रकात छापले जाई. व्होलकार्ट आणि रॅली ब्रदर्स या परदेशी पेढ्यांचे खरेदीदार वऱ्हाडच्या पेठांतून फिरू लागले. जिन हा कारखाना होता, तेथे रोजगार होता, विशेषतः बायकांना होता, यात संशय नाही. परंतु तो हंगामापुरता होता आणि त्यात शिकण्यासारखे फारच थोडे होते. यंत्राच्या तोंडाशी कापूस घालणारी बाई दहा हंगामांनंतरही यंत्राच्या तोंडाशीच उभी असे. पेरणी वऱ्हाडची, पहिली साफसफाई वऱ्हाडची, आणि शेवटी दाम मोजून नेसणेही वऱ्हाडचेच. मधले सूत, वीण, रंग, छपाई आणि त्या सर्वांतील विद्या मात्र समुद्रापार.

हे काम परत आणण्याचा विचार मांडणारी माणसे वऱ्हाडातही होती, याचा मला अभिमान वाटतो. १८७७ च्या १ जानेवारीस जमशेटजी टाटांनी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली ती कापसाच्या शेजारी गिरणी असावी या हिशेबाने, आणि त्या गिरणीने पुढे रिंग पद्धतीच्या चात्या बसविल्या त्या लँकेशायर जुन्या म्यूल यंत्रालाच चिकटून असताना. पण सरकारी जकातीचा काटा परक्यांच्या हाती होता: १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात बसली तेव्हा तेवढीच उत्पादन-जकात देशी गिरणीच्या कापडावरही लादण्यात आली, आणि ती हटण्यास १९२५ चा डिसेंबर उजाडावा लागला. अमरावतीचे वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांनी हा विषय केवळ सभेतील भाषणांचा न ठेवता १९०५ मध्ये बनारसला काँग्रेसच्या जोडीने औद्योगिक परिषद भरविली आणि तिचे चिटणीसपद सांभाळले. त्याच काळात अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून जो पैसा फंड उभा केला, त्यातून १९०८ मध्ये पुण्याजवळच्या तळेगावास काचेचा कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे आले, आणि त्या कारखान्याने काचेबरोबरच कारागीर घडविले, जे पुढे देशभरच्या काचकारखान्यांतून पसरले. परत आणण्याची खरी रीत मला या एका उदाहरणात दिसते.

परंतु जकात लावली की काम परत येते, एवढ्यावर विसंबणाऱ्यांनी १९३३ साल विसरू नये. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरला फारसा रुचत नसे. त्याचे मोठे गिऱ्हाईक तोवर जपान झाले होते. जपानी गिरण्या तो कापूस नेत, त्याचे स्वस्त कापड विणीत आणि तेच कापड हिंदुस्थानच्या बाजारात आणून विकीत. मुंबईच्या गिरणीमालकांनी आक्रोश केला, तेव्हा सरकारने ब्रिटिशेतर कापडावरील जकात पाऊणशे टक्क्यांवर नेली. प्रत्युत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. गिरणीच्या रक्षणासाठी उचललेला हा दंडा थेट कास्तकाराच्या पाठीवर पडला. अखेर १९३४ च्या जानेवारीत समेट होऊन जकात ५० टक्क्यांवर आली, आणि जपानने १० लाख गाठी घेतल्यास त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड आणता येईल असा हिशेब ठरला. कापूस पिकविणारा आणि कापड विणणारा हे दोघेही आपलेच, दोघांचे गाऱ्हाणे खरे, आणि तरीही एकाला दिलेले संरक्षण दुसऱ्याला भोवते. स्वदेशीचा कैवार घेताना हा पेच मनात ठेवावा लागतो.

आता आजच्या वस्तूकडे येतो. पातूरच्या बाजारातील एका दुरुस्तीच्या दुकानात मी एका तरुणाचे काम बराच वेळ पाहत उभा होतो. बंद पडलेल्या फोनचा बोर्ड त्याने भिंगाखाली धरला, गरम हवेच्या झोताने तिळाएवढी एक आयसी चिमट्यात उचलली, आणि दुसऱ्या मोडीत निघालेल्या फोनची आयसी तिच्या जागी बसवून फोन सुरू करून दिला. ही विद्या त्याला कोणत्याही शाळेने दिलेली नव्हती. त्या आयसीचा नकाशा कोठे आखला गेला आणि ती कोठे घडली, हे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे. रुई कोणत्या गिरणीत कातली जाणार हे जसे जिनातल्या बाईच्या आवाक्याबाहेरचे, तसेच.

इलेक्ट्रॉनिक्सचे परदेशी काम महाराष्ट्राला नवे नाही. १९७३ मध्ये अंधेरीस केवळ याच मालाच्या निर्यातीसाठी सीप्झ नावाचे क्षेत्र उघडण्यात आले. पुढे तेथे जडजवाहिराचा व्यवसायच वरचढ झाला. १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला आणि संगणक व त्याच्या भागांवरील जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर आली. २०२० मध्ये उत्पादनावर आधारित प्रोत्साहन योजना आली, आणि फोनची जुळणी तामिळनाडू व कर्नाटकात जोमाने चालते. त्यांतला कर्नाटकचा एक मोठा कारखाना २०२३ मध्ये तैवानच्या विस्ट्रॉनकडून घेतला तो टाटांनीच. ज्या तळेगावात पैसा फंडाची भट्टी पेटली होती, त्याच तळेगावात वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा सेमीकंडक्टरचा कारखाना येणार म्हणून आशा बाळगली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये तो करार गुजरातशी झाला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातूनही अंग काढून घेतले. अमेरिकेने त्याच २०२२ च्या ऑगस्टमध्ये चिपांच्या कारखान्यांसाठी ५२ अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचा कायदा केला. ज्याची झेनिथ ही दूरचित्रवाणीची जुनी कंपनी १९९५ मध्ये कोरियाच्या एलजीकडे गेली, त्या श्रीमंत राष्ट्रालाही गेलेली विद्या परत मिळविण्यास एवढे मोल मोजावे लागते.

म्हणून माझा कौल असा की काम परत आणावे, त्यासाठी काही काळ जकातीचा आधारही द्यावा, पण कोणते काम हे आधी पारखून घ्यावे. बाहेरून आलेले भाग येथे स्क्रूने आवळून डब्यात भरणे हा नव्या काळातील जिन आहे. त्याने पोट भरते, म्हणून त्याला तुच्छ लेखू नये, परंतु साखळी परत आली असे त्याला म्हणू नये. अकोल्यात सावतराम रामप्रसाद आणि मोहता या गिरण्या उभ्या राहिल्या, १९७४ मध्ये आजारी गिरण्या म्हणून राष्ट्राच्या ताब्यात आल्या, आणि पुढे बंद पडल्या. नुसत्या इमारती आणि चात्या यांनी उद्योग टिकत नाही हे वऱ्हाडने तेथे पाहिले.

अकोला जिल्ह्याच्या नावाने उद्या कोणी कारखान्याचा करारनामा घेऊन आलाच, तर येथील लोकप्रतिनिधींनी त्यातील रोजगाराचा आकडा वाचण्याआधी शिकाऊ उमेदवारांचे कलम काढून पाहावे. आणि ते कलम त्यात नसेल, तर पातूरच्या त्या दुकानातील तरुणासाठी ते घातल्यावाचून सही करू नये.