बेडकाच्या मूत्रपिंडातला थेंब

लघवीत साखर नसते म्हणजे मूत्रपिंड ती आत येऊच देत नाही, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. चूक! कार्ल लुडविगने १८४२ सालीच मांडलं होतं, की रक्त आधी गाळलं जातं आणि मग नळ्यांमधून कामाचं परत घेतलं जातं. हायडेनहाइनला ते पटेना. लघवी पेशीच स्रवतात, हे त्याचं म्हणणं. वाद ऐंशीएक वर्षं रेंगाळला.

१९२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या वेर्न आणि रिचर्ड्‌स यांचा प्रयोग छापून आला. जिवंत बेडकाच्या मूत्रपिंडात, सूक्ष्मदर्शकाखाली, त्यांनी केसासारखी काचनळी खुपसून नुकताच गाळलेला द्रव काढला. (हात किती स्थिर असतील!) त्यात साखर सापडली, मूत्राशयातल्या लघवीत मात्र नव्हती. म्हणजे वाटेत कुणीतरी ती उचलली होती. युरिया? माणसात तो साधारण निम्माच परत घेतला जातो. मधुमेहात साखरच इतकी गाळून येते, की नळ्यांना ती सगळी उचलणं जमत नाही.