दोन तारा, चौपट जागा



१९८३ साली जपानमध्ये निंटेंडोचा फॅमिकॉम आला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून ज्यात कॅसेटी फुंकून फुंकून लावायचो, ती यंत्रं बहुतेक त्याच्याच नकला. त्याच्या प्रोसेसरला पत्त्यांच्या तारा १६, म्हणजे एकूण आवाका ६४ किलोबाइट. त्यातले ३२ कॅसेटमधल्या प्रोग्रॅमसाठी. १९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' चित्रांसकट ४० किलोबाइटमध्ये बसला होता. पण पुढे काय?

घरोघरी विकलेलं यंत्र परत मागवून थोडंच बदलता येतं? मग वाढ झाली ती कॅसेटच्या पोटात. तिथे एक जादा चिप आली. खिडकी तेवढीच, पण खिडकीमागचं पान ती हवं तसं बदलायची. 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' (१९८८) मध्ये ३८४ किलोबाइट मावले ते असे, आणि यंत्राला त्याची गंधवार्ताही नाही!

दुसरी भर आठवणीची. १९८७ साली अमेरिकेत आलेल्या 'झेल्डा'च्या कॅसेटमध्ये ८ किलोबाइटची रॅम आणि एक चपटी बॅटरी होती. यंत्र बंद केलं तरी खेळातली जपून ठेवलेली प्रगती राहायची. पुढे गेमबॉयच्या कितीतरी कॅसेटींतही हीच सोय आली. मात्र बॅटरी संपली की आठवणही संपली.

आज हौशी लोक गेमबॉयची कॅसेट उघडून ती रॅम काढतात आणि जागी ३२ किलोबाइटची एफरॅम डकवतात. तिला बॅटरी लागतच नाही. ८ किलोबाइटला पत्त्याच्या तारा १३ लागतात, ३२ला १५. त्या जादा दोन तारा पानं बदलणाऱ्या चिपला नीट जोडल्या की जागा चौपट! अर्थात जुना खेळ आपल्या ८ किलोबाइटपलीकडे बघत नाही. जादा जागा कामी येते ती त्याच बोर्डावर मोठा किंवा स्वतः लिहिलेला खेळ चढवणाऱ्याला.

हे कौशल्य मला मनापासून आवडतं. पण एक खटकतं. चिप उपटली की आतलं सगळं जातं. कुणीतरी लहानपणी टाकलेलं नाव, कदाचित आता नसलेल्या भावाचं, त्याच ८ किलोबाइटमध्ये असू शकतं. ते संगणकावर उतरवून घेता येतं, फार वेळही लागत नाही. तेव्हा आधी जुनं उतरवून घ्या, मगच सोल्डरिंगची इस्त्री तापवा. नाहीतर जागा चौपट होईल, पण ठेवायचं तेच गेलेलं असेल.