गळलेल्या एका ओळीची किंमत : 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड'

१/ १ ऑक्टोबर १९६८. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या फुल्टन चित्रगृहात एका कृष्णधवल भयपटाचा पहिला खेळ झाला. पुढे जगभर गाजलेल्या या चित्रपटावरचा निर्मात्यांचा हक्क मात्र प्रदर्शनाबरोबरच संपुष्टात आला. त्याला कारणीभूत ठरली पडद्यावर न उमटलेली एक ओळ.

२/ दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. त्यांची छोटी कंपनी जाहिरातपट काढी. फ्रेड रॉजर्स यांच्या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेवरचा लघुपटही रोमेरो यांनी केला होता. चित्रपटासाठी आरंभी दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घातले. एकूण खर्च सुमारे १,१४,००० डॉलरवर गेला. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला गेला.

३/ कथा साधी आहे. मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागतात आणि सात जण शेतावरच्या एका घरात अडकतात. बाहेरच्या जगाची खबर त्यांना आधी रेडिओवरून व मग दूरचित्रवाणीवरून मिळते. त्या बातम्यांतील वार्ताहर बिल कार्डिल हे पिट्सबर्गच्या चॅनेल ११ वरील खरेखुरे निवेदक. 'चिली बिली' या नावाने ते तेथे रात्री उशिरा जुने भयपट सादर करीत. घरोघरी ओळखीचा तो चेहरा येथे गंभीरपणे प्रलयाची वार्ता देतो.

४/ नायक बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली. पटकथेत बेनचा वर्ण सांगितलेला नव्हता. चाचणीत जोन्स सर्वांत सरस ठरले, म्हणून त्यांची निवड झाली, असे रोमेरो सांगत. बेन रात्रभर झुंजून एकटाच वाचतो. सकाळी मदतीला आलेले शस्त्रधारी पथक त्याला मृतांपैकी एक समजून गोळी घालते.

५/ चित्रपट पूर्ण झाला आणि रोमेरो व सहनिर्माते रसेल स्ट्रायनर त्याची प्रत गाडीत घालून वितरक शोधायला न्यूयॉर्ककडे निघाले. ४ एप्रिल १९६८ च्या त्या रात्री वाटेत रेडिओवर बातमी आली : मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. चित्रपटाच्या शेवटाला त्याच्या कर्त्यांनीही न योजलेला अर्थ प्राप्त झाला.

६/ बड्या कंपन्यांनी नकार दिला. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सला शेवट इतका निराशाजनक नको होता. रोमेरो यांनी तो बदलला नाही. अखेर वॉल्टर रीड यांच्या संस्थेने वितरण स्वीकारले.

७/ चित्रपटाचे नाव तेव्हा 'नाईट ऑफ द फ्लेश ईटर्स' असे होते. मिळत्याजुळत्या नावाचा चित्रपट आधीच येऊन गेला असल्याने ते बदलावे लागले. वितरकाने जुना शीर्षकफलक काढून नवा बसवला. स्वामित्वहक्काची सूचना जुन्या फलकावरच होती; नव्यावर ती घालायचे राहून गेले.

८/ अमेरिकेत तेव्हा १९०९ चा कायदा लागू होता. प्रकाशित कृतीवर वर्ष व मालकाचे नाव असलेली सूचना नसेल, तर ती कृती सार्वजनिक मालकीची होई. निर्माता कोण हे जगजाहीर असले, तरी त्याचा उपयोग नव्हता.

९/ मग प्रती निघत राहिल्या. चित्रगृहे मध्यरात्री खेळ लावू लागली, दूरचित्रवाणी केंद्रांना रात्रीच्या वेळा भरायला फुकटचा चित्रपट मिळाला, पुढे व्हिडिओ कॅसेट विकणारेही आले. यासाठी निर्मात्यांची परवानगी कुणाला लागत नव्हती आणि या विक्रीतला वाटाही त्यांना मिळत नव्हता.

१०/ 'हॅलोवीन २' या १९८१ च्या चित्रपटात घरातल्या टीव्हीवर हाच भयपट चालू असतो. मृतांच्या झुंडी आणि आत कोंडलेली, आपापसांत भांडणारी माणसे हा साचा पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाचा झाला, त्यात या अनिर्बंध प्रसाराचा मोठा हात आहे. आज 'झोंबीपटांचा' मूळपुरुष मानल्या जाणाऱ्या या चित्रपटात 'झोंबी' हा शब्द एकदाही येत नाही.

११/ कायदा सुधारला, पण उशिरा. १९७८ पासून राहिलेली सूचना ठरावीक मुदतीत दुरुस्त करता येऊ लागली. १ मार्च १९८९ पासून ती सक्तीचीच उरली नाही. यांपैकी कोणत्याही सुधारणेने १९६८ ची चूक भरून निघाली नाही. १९९० मध्ये रोमेरो यांच्याच पटकथेवर रंगीत आवृत्ती निघाली. तिच्यावर रीतसर हक्क होता.

१२/ १९९९ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने मूळ चित्रपटाचा समावेश जतन करण्याजोग्या राष्ट्रीय चित्रपटांच्या सूचीत केला. तो सन्मान पाहायला जोन्स नव्हते. १९८८ मध्येच त्यांचे निधन झाले होते. वर्षानुवर्षे प्रतीवरून प्रत निघून चित्र धूसर होत गेले होते. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मूळ निगेटिव्हवरून सिद्ध केलेली स्वच्छ प्रत दाखवली. पुढच्याच वर्षी रोमेरो गेले. ज्या चुकीने त्यांचे उत्पन्न बुडाले, तिनेच त्यांचे नाव घरोघरी नेले. या दोन्ही गोष्टी एकाच खात्यात मांडाव्या लागतात.